देवाने मोकळं सोडलंय, मग अडतं कुठे?

भुईगावची (धागाकर्ती)

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, संध्याकाळच्या मिस्साहून (चर्चमधल्या उपासनेहून) घरी आल्यावर माझ्या भावाने मोरीत उभं राहून दारूची अख्खी बाटली ओतून दिली. कपाळावरची राख अजून तशीच होती. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. आई दारात उभी होती. तिला म्हणाला, "आता ईस्टरपर्यंत नाही. ईस्टरनंतरही नाही." खोटं बोलताना तो नजर चुकवतो, लहानपणापासून. त्या दिवशी तो थेट आईकडे बघत होता.

नवव्या दिवशी रात्री अकरा वाजता तो भिंत धरत घरात आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा बशीत सांडत होता. तेव्हा तो जे बोलला ते माझ्या डोक्यातून जात नाही. "मी नको नको म्हणत होतो आणि पाय चालत होते."

घरात लगेच दोन तट पडले. मावशी म्हणाली, "मनात असतं तर सोडली असती. देवाने अक्कल दिलीय ना त्याला?" चुलतभाऊ म्हणाला, "तो आजारी आहे. आजारी माणसाला दोष कसला देता?" मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचंही पटत नव्हतं.

मी गेली अकरा वर्षं धर्मशिक्षणाच्या वर्गाला शिकवते. देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं, हे वाक्य दर वर्षी फळ्यावर लिहिते आणि पुढच्या धड्याकडे वळते. या वेळी प्रश्न घरात येऊन बसला. त्या संध्याकाळी माझा भाऊ मोकळा होता की नव्हता?

म्हणून परत वाचायला बसले. बायबलमध्ये संत पौलाने रोमकरांना लिहिलेलं पत्र आहे, त्याचा सातवा अध्याय आपण मिस्सामध्ये किती वेळा ऐकलाय. चांगलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही, जे नको असतं तेच मी करतो. माझा भाऊ चहा सांडत हेच सांगत होता.

मग संत ऑगस्टीन, पुढे बिशप झालेला चर्चचा मोठा विचारवंत. इ. स. ३८६, मिलान शहरातली एक बाग. बत्तीशी जवळ आलेला, नामवंत, वक्तृत्व शिकवणारा हा माणूस केस उपटतोय, कपाळ बडवतोय, गुडघ्याभोवती हात आवळून बसलाय. जुनं आयुष्य सोडायचं त्याला पटलंय, तरी सुटत नाहीये. तिथे त्याच्या एक गोष्ट लक्षात येते. मन हाताला म्हणतं 'हल', हात लगेच हलतो. तेच मन स्वतःला म्हणतं 'हे हवंसं वाटू दे', आणि मन ऐकत नाही. असं का? तर इच्छा पुरती एक झालेली नसते, निम्मी इकडे आणि निम्मी तिकडे ओढत असते. आपल्या बेडीच्या कड्याही तो मोजून दाखवतो. वाकड्या इच्छेतून वासना आली, वासनेचे लाड पुरवले म्हणून सवय लागली, सवयीला अडवलं नाही म्हणून ती गरज होऊन बसली. ही बेडी दुसऱ्या कुणी घातली नव्हती. त्याच्याच इच्छेच्या लोखंडाची होती.

मावशीचं म्हणणं त्या काळात पेलॅजियस मांडत होता. तो ब्रिटनचा, रोममध्ये राहणारा, कडक शिस्तीचा तपस्वी. त्याला वाईट समजू नका. लोक 'माझ्याच्याने होत नाही' म्हणत सुखात पाप करतात, याची त्याला चीड होती. 'तू जी आज्ञा करतोस ते करण्याचं बळही तूच दे' ही ऑगस्टीनची प्रार्थना ऐकून तो अस्वस्थ झाला. देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळण्याची ताकदही माणसात असणारच, असं त्याचं म्हणणं. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने ते नाकारलं. मला पूर्वी वाटायचं की चर्चने तेव्हा कठोर बाजू घेतली. आता उलट वाटतं. पेलॅजियसच्या जगात माझ्या भावाला हात द्यायला कुणी नाही. तिथे जो पडला त्याने स्वतःच उठायचं, नाही उठला तर तो नालायक.

पण चुलतभावाचं म्हणणंही चर्चने पूर्ण मानलेलं नाही. १५४७ च्या ट्रेंट धर्मसभेचे शब्द नेमके आहेत: माणसाची स्वतंत्र इच्छा दुबळी झाली, झुकली, पण विझली नाही.

विझली नाही, तर ती आहे कुठे? नवव्या दिवशी संध्याकाळी ती नेमकी कुठे होती? जाणकारांनी लिहावं. प्रोटेस्टंट मंडळींनी तर नक्कीच.

---

भिंगारवाला

ताई, आधी भावासाठी प्रार्थना करतो. आमच्या मंडळीतही असे भाऊ आहेत.

तुम्ही बोलावलंत म्हणून आमच्या बाजूचं लिहितो. १५२४ मध्ये इरॅस्मस या कॅथलिक विद्वानाने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने पुस्तक लिहिलं आणि १५२५ मध्ये मार्टिन ल्यूथरने, ज्याच्यापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाले त्याने, त्याला उत्तर दिलं. इरॅस्मसचा दाखला गोड आहे. चालता न येणारं मूल पडलंय, बाप त्याला सफरचंद दाखवतो, उठवतो, धरून धरून तिथवर आणतो आणि शेवटी सफरचंद हातात देतो. मुलाने काहीच केलं नाही का? केलं, जरासं. ल्यूथरला हे 'जरासं'च मान्य नव्हतं. त्याच्या मते माणसाची इच्छा हे ओझ्याचं जनावर आहे. देव स्वार झाला तर देवाच्या वाटेने जातं, सैतान स्वार झाला तर सैतानाच्या. स्वार निवडणं जनावराच्या हातात नाही.

ऐकायला हे भयंकर वाटतं. पण लोक एक गोष्ट सोडून देतात. घर, पैसा, शेतीवाडी, रोजचे व्यवहार यांत माणसाला निवड आहे हे ल्यूथर मान्य करतो. देवापुढे स्वतःला नीतिमान ठरवण्याची ताकद माणसात आहे, एवढंच तो नाकारतो. कारण ती ताकद माझ्यात आहे असं मानलं की मी रात्रंदिवस स्वतःलाच तपासत बसणार: पुरेसा पश्चात्ताप झाला का, पुरेसं मनापासून केलं का. ल्यूथर मठात असताना नेमका यातच गुदमरला होता. तारण माझ्या हातात नाही, हे कळलं तेव्हाच त्याला मोकळा श्वास घेता आला.

आणि त्याच्या पाच वर्षं आधी, १५२० मध्ये, त्याच ल्यूथरने ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर छोटं पुस्तक लिहिलं होतं. त्याच्या सुरुवातीलाच दोन विधानं शेजारी ठेवलीत: ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा मोकळा धनी आहे, कुणाचा ताबेदार नाही, आणि ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा सेवक आहे, सगळ्यांचा ताबेदार आहे. दोन्ही एकदम खरी. पहिलं विश्वासामुळे, दुसरं प्रीतीमुळे.

---

साधा_वाचक

मी ख्रिस्ती नाही, पण धागा आवडला म्हणून विचारतो. इच्छा दुबळी झाली ती आदिपापाने, असं तुमच्यात म्हणतात ना? पहिला माणूस आदाम याने देवाची आज्ञा मोडली, ते पाप. तर तुमचं हे आदिपाप आणि आमचं पूर्वकर्म, यात फरक काय? दोन्हीकडे आधीचं ओझं घेऊनच माणूस जन्माला येतो. आमच्यात निदान ते स्वतःचंच असतं. आदामाने केलं ते मी का भोगायचं?

---

भुईगावची

साधा_वाचक, हा प्रश्न वर्गातली मुलंही विचारतात.

कर्मात हिशोब असतो, कुणाचं किती आणि कुणी फेडायचं. आदिपाप म्हणजे दुसऱ्याचा हिशोब माझ्या वहीत, असं कॅथलिक शिकवण सांगत नाही. ते माझं वैयक्तिक पाप नव्हे. ती मला मिळालेली अवस्था आहे. मी जन्माला आले तेच अशा जगात आणि अशा मनासह, जिथे जमीन आधीच उताराची आहे. चेंडू ठेवला की तो एका बाजूला घरंगळतो. घरात तीन पिढ्या दारू पाहिलेल्या मुलाला हे वेगळं समजवावं लागत नाही. आमचे आजोबा प्यायचे. ती भावाची चूक नव्हे, पण उतार त्याच्याही पायाखाली आहे.

आदामाचं मी का भोगावं, या तुमच्या प्रश्नाला हिशोबाच्या भाषेत उत्तर नाही हे मी कबूल करते. पौलाची मांडणी अशी की जसं एकामुळे सगळे अडकले, तसेच एकामुळे सगळे सुटतात. आपण इतके एकमेकांत गुंतलेलो आहोत, हे आधी मान्य असेल तरच दोन्ही बाजू पटतात.

---

मांडवीकाठ

मी गोव्याचा. आमच्याकडे हा विषय निघाला की मला आधी १५६० आठवतं. त्या साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मापासून ढळल्याच्या संशयावरून चौकशी आणि शिक्षा करणारं न्यायालय, आलं आणि मधली काही वर्षं सोडता थेट १८१२ पर्यंत राहिलं. घरात तुळस लावली, सण जुन्या पद्धतीने केला, यावरून बाटलेल्या कुटुंबांच्या चौकश्या झाल्या. ऑगस्टीनच्या बागेबद्दल वाचायला छान वाटतं, पण माणसाच्या स्वातंत्र्यावर सगळ्यात मोठी मर्यादा चर्चनेच घातली होती, हे इथे कुणीतरी लिहायला हवं. १८३२ मध्येसुद्धा पोप सोळावे ग्रेगरी विवेकस्वातंत्र्याच्या कल्पनेला वेडेपणा म्हणत होते.

मी रविवारी मिस्साला जातो. म्हणूनच हे जास्त लागतं.

---

भुईगावची

मांडवीकाठ, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. यावर सारवासारव करणार नाही.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याची घोषणा केली. कुणालाही त्याच्या विवेकाविरुद्ध वागायला भाग पाडू नये आणि विश्वास ठेवण्याची कृती मुळातच मुक्त असावी लागते, असं तिच्यात आहे. १८३२ पासून मोजलं तर १३३ वर्षं लागली. इतिहासात कधी कधी देवाच्या प्रजेचं वागणं शुभवर्तमानाला (ख्रिस्ताच्या शिकवणीला) धरून नव्हतं, हेही त्याच दस्तऐवजात मान्य केलंय. गोव्याच्या मानाने ते शब्द फार सौम्य आहेत.

मला त्यातून इतकंच कळतं: बळाने करवून घेतलेला विश्वास हा विश्वासच नसतो, आणि हे चर्चला आपल्याच मुळाशी परत जाऊन शिकावं लागलं.

---

केडगाव_फाटा

विवेकाचा विषय निघालाच आहे, तर पंडिता रमाबाईंबद्दल लिहितो. माझी पणजी केडगावला त्यांच्या मुक्ती या संस्थेत वाढली, त्यामुळे हा विषय माझ्या घरचा आहे. बाईंच्या संस्थेचं नावच मुक्ती, म्हणून त्या धर्माच्या हातात अलगद गेल्या असं लोकांना वाटतं. तसं नाही.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) सिस्टरांच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मुलगी मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. वय पंचवीस. आई, वडील, भाऊ, नवरा सगळे गेलेले. परका देश, आणि राहणं-खाणं ज्यांच्या आधाराने, त्याच सिस्टर त्यांच्या धर्मगुरुस्थानी. अशी बाई निमूट राहील असंच कुणालाही वाटलं असतं.

रमाबाई राहिल्या नाहीत. त्यांनी मांसाहार घेतला नाही, तेव्हा तिथल्या सिस्टर जेराल्डिनना वाटलं की हा जातीचा अहंकार अजून सुटलेला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, तर बाई म्हणाल्या की संस्कृत का नको? माझ्या बहिणींना लॅटिन कळत नाही, आणि लॅटिनमध्ये संस्कृतपेक्षा जास्त पवित्र असं काय आहे? चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार अशी गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. त्यावर बाईंनी लिहिलं की माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने ज्याला कधी हरकत घेतली नाही, त्याला इंग्रज माणसांनी घ्यावी याचं मला नवल वाटतं.

१८८५ च्या पत्रांत तर त्या मुद्द्यावरच येतात. त्यांचं म्हणणं असं: मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण पाद्री किंवा बिशप यांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही. मोठ्या कष्टाने मी आमच्याकडच्या पुरोहितांचं जू मानेवरून उतरवलंय, आता तसंच दुसरं जू घ्यायला मी तयार नाही. देवाच्या वचनाची आज्ञा पाळणं वेगळं आणि पाद्र्यांची आज्ञा पाळणं वेगळं.

म्हणजे त्यांनी आज्ञापालन नाकारलं नव्हतं. आज्ञा कुणाची, हे त्या विचारत होत्या. भिंगारवाल्यांनी दिलेली ल्यूथरची दोन वाक्यं मला रमाबाईंच्या आयुष्यात जशीच्या तशी दिसतात. बिशपपुढे न वाकलेली ही बाई दुष्काळातल्या मुलींची सेवा करत आयुष्यभर केडगावच्या माळावर राहिली.

आणखी एक. ज्या सिस्टर जेराल्डिनशी एवढे वाद झाले, त्यांनीच ही पत्रं जपून ठेवली. पुढे १९७७ मध्ये ती आपल्या राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने छापली. नाहीतर आज हे कुणाला कळलंही नसतं.

---

भिंगारवाला

केडगाव_फाटा, मांसाहाराचा उल्लेख वाचून पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र आठवलं. मूर्तीला दाखवलेलं मांस खावं का, असा तिथे वाद होता. पौल म्हणतो, मूर्ती काहीच नाही, खाल्लंत तरी बिघडत नाही. पण माझ्या खाण्याने दुबळ्या भावाला ठेच लागत असेल तर मी कधीच मांस खाणार नाही. मोकळीक पुरी आहे, आणि तिच्यावरची मर्यादा बाहेरून आलेला नियम नव्हे. समोर बसलेला माणूस हीच मर्यादा. त्या हिशोबाने वाँटेजच्या जेवणाच्या टेबलावर रमाबाईंना सांभाळून घेण्याची जबाबदारी सिस्टरांची होती.

---

प्रश्नचिन्ह

केडगाव_फाटा, रमाबाई स्वतः मोकळ्या होत्या हे मान्य. पण त्यांच्याकडच्या विधवा मुलींचं काय? त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनात धर्माची सक्ती नसेल असं सांगून मुली आणल्या आणि १८९३ मध्ये त्यावरूनच पुण्यात वादळ झालं. रानडे, भांडारकरांसारखे पाठीराखेसुद्धा सल्लागार समितीतून बाहेर पडले. जिला जायला दुसरं घर नाही, जिच्या पोटाला तुम्ही घालता, तिच्या 'स्वतंत्र निवडी'ला किती अर्थ?

---

केडगाव_फाटा

प्रश्न रास्त आहे आणि माझ्या पणजीपाशीच येऊन थांबतो, म्हणून जपून लिहितो.

बाईंची बाजू अशी होती की त्या स्वतःच्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करत, दार उघडं असे. ज्या मुलीला यायचं ती येई, जिला नसे यायचं ती येत नसे. आपापली पूजाअर्चा करायला बंदी नव्हती. स्वतःच्या घरात स्वतःच्या देवाची प्रार्थना दार लावून का करायची, हा त्यांचा सवाल मला आजही बिनतोड वाटतो. टीकाकारांचं म्हणणं, उघडं दार हीच ओढ. तेही खोटं नाही. जिच्यावर सगळं अवलंबून आहे तिचं उघडं दार आणि शेजारणीचं उघडं दार यांत फरक असतोच.

पण मग हेही बघा, त्या मुलींच्या आधीच्या घरात तरी कुठलं दार उघडं होतं? केशवपन, एक वेळचं जेवण, आयुष्यभर पाठ मोडेस्तोवर काम. तिथे 'निवड' हा शब्दच नव्हता. पणजी म्हणायची असं आजीने सांगितलंय: "मला पयल्यांदा कुणी तरी इचारलं, तुला काय हवं." ती ख्रिस्ती झाली ती पोटासाठी की विश्वासाने, हे मी ठरवू शकत नाही. तिलाही ते वेगवेगळं सांगता आलं असतं असं वाटत नाही. भुकेने स्वातंत्र्य आक्रसतं, हे ख्रिस्ती माणसाने सगळ्यात आधी मान्य करायला हवं.

---

दूरदेशी

मी परदेशात एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. भुईगावची ताईंच्या मूळ प्रश्नाकडे परत येते.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना, १९३५ मध्ये सुरू झाली. त्यांची पहिली पायरी म्हणजे आपण दारूपुढे हतबल आहोत ही कबुली. लोकांना वाटतं ही शरणागती, याने माणूस आणखी खचेल. मी बघते ते उलट. 'माझं मी बघून घेईन' म्हणणारा माणूस एकटा पडतो आणि 'माझ्याच्याने होत नाही' म्हणणारा फोन उचलतो. तुम्ही पेलॅजियसबद्दल लिहिलेलं वाचलं आणि माझ्या केंद्रातले दोन-तीन चेहरे समोर आले.

पण फोन उचलायचा की नाही, ते त्याच्याच हातात असतं. ते आम्ही करू शकत नाही.

---

भुईगावची

सगळ्यांचे मनापासून आभार. दूरदेशी, तुमचा शेवटचा परिच्छेद आईला वाचून दाखवला.

मधल्या दिवसांत भाऊ पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, जाऊन आला. आत काय झालं ते त्याचं आणि देवाचं. पण नंतर फादर त्याच्याशी बाहेर बाकावर बराच वेळ बोलले, ते त्याने मला स्वतःहून सांगितलं. फादरांनी त्याला दोषही दिला नाही आणि सोडूनही दिलं नाही. कॅथलिक शिकवणीत हे स्पष्ट आहे की अज्ञान, भीती, दडपण, सवय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, कधी कधी उरतही नाही. चुलतभावाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

फादरांनी त्याला विचारलं, "बारच्या दारात तू नाही म्हणू शकतोस?" तो म्हणाला, नाही. "रस्त्यात?" नाही. "स्टेशनचा जिना उतरताना?" त्याने विचार केला. म्हणाला, तिथेही नाही, खाली उतरलो की पाय वळतातच. "गाडीत असताना?" तेव्हा तो म्हणाला, हो, गाडीत असतो तोवर मी घरीच निघालेला असतो. फादर म्हणाले, "मग तुझं स्वातंत्र्य तिथे आहे. तेवढंच आहे, पण तेवढं आहे. ते तिथेच वापर."

मी धाग्यात विचारलं होतं की विझली नाही तर ती इच्छा कुठे आहे. मला हे उत्तर कुठल्या धर्मसभेच्या कागदात मिळालं नसतं.

आता तो गाडीतूनच वहिनीला फोन लावतो आणि घरी पोचेपर्यंत ठेवत नाही. पुलाच्या दुसऱ्या टोकाने उतरतो, दहा-बारा मिनिटं जास्त चालावं लागतं. एटीएम कार्ड त्याने आपणहून वहिनीकडे दिलंय. मावशी म्हणाली, "म्हणजे बायकोने बांधून ठेवलं." तो म्हणाला, "मीच बांधून घेतलंय मावशी."

गुरुवारी एकदा फोन लागला नाही, नेटवर्क नव्हतं. वहिनी ओट्याशी उभी होती, भाकरी तव्यावर करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. आठ वीसला फाटक वाजलं. तो आत आला, चप्पल काढली आणि म्हणाला, "लांबच्याच जिन्याने आलो."